अर्धा वळसा

"गिधाड," आनंदराज सर म्हणाले. फळ्याच्या मधोमध त्यांनी तो शब्द लिहिला आणि खाली दोन रेघा ओढल्या. "खाली उतरण्याआधी गिधाड प्रेताभोवती घिरट्या घालतं. कवीनं वळसा म्हटलंय ते उगाच नाही. लिहून घ्या."

सकाळी सव्वासातचा तास होता. उघड्या दारातून ऊन आडवं फळ्यापर्यंत आलं होतं. फळ्याच्या कोपऱ्यात युद्धावरच्या कवितेच्या चार ओळी होत्या:

रस्त्यावर तो उताणा, डोळे उघडे.
माझी सावली त्याच्या तोंडावर.
मी अर्धा वळसा घेतला,
मग कॅमेऱ्याचं बटण दाबलं.

"प्रेताचं छायाचित्र घेणारा माणूस हा माणूस उरत नाही, पूर्णविराम. तो मृत्यूचा व्यापारी असतो, पूर्णविराम." सरांची वही पिवळी पडली होती. चाळीस माना खाली वाकल्या. दयानंदनं 'पूर्णविराम' हा शब्दही अक्षरात लिहिला.

वर्षाराणीचं पेन टोपणातच होतं.

"का गं? हात दुखायलाय?"

"न्हाई सर. दुसरी ओळ राहिली."

"कुठली दुसरी?"

"सावलीची. ऊन फोटो काढणाऱ्याच्या पाठीवर होतं, म्हणून त्याची सावली मेलेल्याच्या तोंडावर पडली. तसाच फोटो काढला असता तर तोंड ओळखू आलं नसतं. म्हणून तो दुसऱ्या बाजूला गेला."

"ही कविता आहे बाई, पंचनामा नाही."

वर्ग हसला. ती उभीच राहिली.

"माझे पप्पा पंचनाम्याचेच फोटो काढतात, सर."

हे तिनं कधी सांगितलं नव्हतं. लोह्यात त्यांचा फोटो स्टुडिओ आहे, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं.

"बेवारस मयत सापडली की ठाण्यातून फोन येतो. मागं कॅनॉलच्या काठाला एकजण सापडला. त्याच्या तोंडावर सावली नको म्हणून पप्पा गुडघाभर पाण्यात उतरून पलीकडून गेले. पोलिसांनी पुरलं त्याला. वीस दिवसांनी जळकोटहून एक बाई आली. फोटो बघितला अन् म्हणाली, हाव, हेच. ओळख पटली." ती थांबली. "ते गिधाड हायत का, सर?"

मागच्या बाकावर कुणीतरी दोन्ही हात पंखांसारखे पसरले. सर त्याला काही बोलले नाहीत. उलट हसले.

"मढ्यांचे फोटो काढून पोट भरणाऱ्याला कविता काय कळणार? हे बघ, प्रश्न सहा मार्कांचा आहे. गिधाड लिही, सहा घे. पप्पा लिही, शून्य घे. बस."

ती बसली. पेन टोपणातच राहिलं.

तास संपता संपता सरांना फाइल आठवली. रोजच्या तासाचा एक फोटो ऑफिसला द्यावा लागे, तारीख-वेळ छापून आलेला. त्यांनी खिशातून मोबाइल काढला.

"ए, स्टुडिओवाल्याची ना तू? ये, काढ."

सर फळ्यासमोरच्या खुर्चीत बसले. कंगवा फिरवला. पुस्तक उघडून छातीशी धरलं आणि विचारात पडल्यासारखं तोंड केलं. वर्षाराणीनं दारात उभं राहून बटण दाबलं.

"दाखव." सरांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "अगं, तोंड कुठं दिसायलंय माझं? सावली पडली की तुझी! तिकडच्या बाजूनं ये."

आता कुणी हसलं नाही. दयानंदचं पेन थांबलं. त्यानं एकदा फळ्याकडे पाहिलं, एकदा सरांकडे.

वर्षाराणी टेबलाभोवती अर्धा वळसा घेऊन खिडकीपाशी गेली. ऊन सरांच्या तोंडावर आलं. तिनं मोबाइल थोडा वर उचलला, फळाही नीट आत घेतला.

"आलं का तोंड?"

फोटोत सरांचा चेहरा लख्ख होता. डोक्याच्या बरोबर वर फळ्यावरचा शब्द होता, खालच्या दोन रेघांसकट.

"आलं, सर," मोबाइल परत देत ती म्हणाली. "आता ओळख पटंल."