तुसाची पेटी

तळेगावच्या प्रयोगशाळेत बजरंग पहिल्यांदाच आला होता. त्याच्या लेकीनं, कोमलनं, घरच्या भाताचं तूस भाजून पुठ्ठ्यासारखी हलकी पेटी बनवली होती. विमानातली यंत्रं मोबाइलच्या लहरींपासून जपायला धातू वापरला तर वजन वाढतं, म्हणून ही खटपट. पण आधीच्या सगळ्या पेट्यांत लहरी शिरून आतला फोन वाजला होता. आज वाजला तर काम बंद, शेजारी उभ्या प्रयोगशाळेच्या साहेबांनी बजावलेलं. कोमलनं आपला फोन आत ठेवून झाकण दाबलं. “आबा, तुम्हीच लावा.” बजरंगनं सदऱ्याला बोट पुसून नंबर लावला. पेटी गप्प. त्याच्या कानात मात्र ती ओळखीची बाई बोलली, “संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे.” गावी, तिकोणा पेठेत, रेंजसाठी टेकडी चढताना त्यानं तिला आजवर शिव्याच घातल्या होत्या. आज त्यानं घाईघाईनं स्पीकर लावला, फोन साहेबांपुढं धरला आणि म्हणाला, “थांबा साहेब, ती इंग्रजीतबी सांगती.”