घरीसुद्धा इंग्रजीच

व्हीलचेअरवरचा म्हातारा पुन्हा तेच पुटपुटला, आणि या वेळी इंदुमतीला ते समजलं.

तिचे पाय थबकले. पुढे गेलेली सोनम मागे वळली. "मम्मी, चलो ना. मॅम वेट कर रही हैं."

बारावीच्या पालकसभेचा दिवस होता. जानेवारीतलं धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. जयपूरच्या त्या मिशनच्या शाळेचा लांबलचक व्हरांडा धुक्यात तरंगत असल्यासारखा दिसत होता. आवारातल्या कडुलिंबांत संक्रांतीचे कटलेले पतंग अडकून राहिले होते, मधूनच आपसूक हलत होते. चॅपलमधून मुलामुलींच्या गाण्याचा सूर येत होता. शब्द लागत नव्हते.

म्हातारे म्हणजे फादर व्हॅलेरियन. चाळीस वर्षं त्यांनी या शाळेत इंग्रजी शिकवलं. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. ओठांची एक बाजू ओघळली, जीभ जड झाली. शब्द तुटलेत, अर्थ लावत बसू नका, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून ते रोज सकाळी उन्हात बसून असंच काहीबाही बोलत. मुलं 'गुड मॉर्निंग, फादर' म्हणून पुढे जात. ते गोव्याचे की केरळचे, हे कधी कुणी विचारलंच नव्हतं.

इंदुमती त्यांना ओळखत होती. चार वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याची, सुखदेवची, रेल्वेच्या नोकरीत महाराष्ट्रातून इकडे बदली झाली आणि सोनमला नववीत घालायला ती याच शाळेत आली होती. फादरांनी मुलीची चाचणी घेतली. मग इंदुमतीकडे वळून ते सावकाश हिंदीत म्हणाले, "बच्ची होशियार है. लेकिन घर में भी इंग्लिश. मराठी बिलकुल नहीं. आप माँ हैं, आपको ही करना होगा."

इंदुमतीने ते केलं. तिला इंग्रजीचे दहा-बारा शब्दच येत होते. कम. ईट. स्लीप. गुड. तेवढ्यावर तिने लेक मोठी केली. बाकीचं सगळं पोटातच राहिलं. मामाच्या मळ्यातल्या गोष्टी राहिल्या, लाडाची नावं राहिली, रागावणंसुद्धा राहिलं. सोनम वर्गात पहिली येऊ लागली. घर शांत झालं. पालकसभेला एरवी सुखदेवच जाई. भाकरी थापताना कधी कधी इंदुमतीला वाटे, हा माणूस पुन्हा भेटला तर त्याला एकदाच विचारावं, तुम्हाला आई नव्हती का?

आता तो समोर होता.

"मास्तर," फादर म्हणाले. शब्द लाळेत घोळून येत होते, पण आवाज सहा-सात वर्षांच्या पोराचा होता. "मला नाही येत इंग्रजी. मारू नगा. मला घरला जायाचंय."

जालन्याकडची बोली. इंदुमतीच्या माहेरची.

चार वर्षं जपून ठेवलेला प्रश्न तिच्या ओठांवर आला. मग तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि ती त्यांच्यासमोर फरशीवर बसली.

"नाही येत तर राहू दे, लेकरा," ती म्हणाली. "कुणी मारीत नाही."

फादरांचे डोळे तिच्याकडे वळले. "माय कुठंय?"

"माय चुलीपाशी हाय. भाकरी टाकतीय."

"बाजरीची?"

"बाजरीचीच. वर लोण्याचा गोळा ठेवलाय तुझ्यासाठी. आज शाळेला सुट्टी हाय. दुपारी आपण मळ्यात जाऊ. बोरं पिकलीत. मोटेचं पाणी पाटातून खळखळ येतंय बघ, त्यात पाय सोडून बस. पाणी गार हाय, पण ऊन चांगलं हाय..."

ती बोलत राहिली. कुठलं कुठलं तिच्या तोंडून येत होतं, तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. व्हरांडा, धुकं, चॅपलमधलं गाणं, सगळं हळूहळू लांब गेलं. फादरांची मान खुर्चीच्या पाठीवर टेकली. ओघळलेला ओठ किंचित हसला.

प्राचार्या सिस्टर सरोजिनी ऑफिसच्या दारातून पाहत होत्या. त्या झारखंडच्या, गेल्या वर्षीच इथे आलेल्या. त्या हलकेच सोनमजवळ आल्या. "हे तर कधी कुणाचं ऐकत नाहीत," त्या इंग्रजीत कुजबुजल्या. "तुझी आई त्यांना काय सांगतेय? मला इंग्रजीत सांगशील?"

सोनमने तोंड उघडलं. इंग्रजीच्या प्रत्येक स्पर्धेत बक्षीस मिळवलेली ती मुलगी. "शी इज टेलिंग हिम..." एवढं म्हणून ती आईकडे वळली. तिला सगळं समजलं होतं. पण आईच्या तोंडून एवढे शब्द एका दमात तिने चार वर्षांत ऐकले नव्हते. यातला एकही आपल्यासाठी नव्हता, हेही तिला समजलं.

फादरांना झोप लागली. इंदुमतीने त्यांच्या गुडघ्यांवरची शाल नीट केली आणि पिशवी उचलायला हात पुढे केला.

तो हात सोनमने धरला. शाळेच्या इस्त्रीच्या गणवेशात ती आईशेजारी फरशीवर बसली आणि तिने आईच्या खांद्यावर डोकं टेकवलं.

"आई," ती म्हणाली, "मला पण सांग ना."