एकमताने

शिक्षण खात्याचे साहेब बाहेर आले तेव्हा निम्म्या शिक्षकांना डुलकी लागली होती. कचेरीसमोरच्या गवतावर ताडपत्री, ताडपत्रीवर माणसं आणि वर दुपारचं ऊन. घोषणा सकाळीच संपल्या होत्या.

यूस्तिनाने शेजारच्या कोर्नेलिसना कोपराने हलवलं. "बापा, उठा. आले."

"कोण, बुपाती?"

"छे. अख्ख्या जिल्ह्याचे प्रमुख ते, कसले येतात इथे! खात्याचे साहेब आलेत, पाक दारियुस."

"मग झोपतो," म्हातारा म्हणाला, पण सरळ होऊन बसला.

दोघं डोंगरावरच्या एकाच सरकारी शाळेतले. ती तिसरीला शिकवायची, ते सहावीला. यूस्तिना स्वतः तिसरीत बसायची तेव्हाही कोर्नेलिस मानधनावरच होते आणि पुढच्या वर्षी मानधनावरच घरी जाणार होते. हे मानधनही महिनोन् महिने आलं नव्हतं, म्हणून जिल्हाभरचे असे शिक्षक इथे येऊन बसले होते.

पाक दारियुस इस्त्रीच्या बाटिक शर्टात होते. मागे दोन वार्ताहर, एक फोटोग्राफर.

"चांगली बातमी आहे," साहेब म्हणाले. "तुमचं अडकलेलं सगळं मानधन याच महिन्यात निघेल."

कुणी टाळी वाजवली नाही. पुढे 'पण' येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"पण जकार्ताहून आलंय ते तेवढंच. तुम्हाला दिलं तर शाळांच्या दुरुस्तीला यंदा काही उरत नाही. बुपातीसाहेबांना तुमच्यावर काही लादायचं नाहीये. निर्णय तुमचा. मंजूर असेल त्यांनी हात वर करा."

"वा रे वा," मागून एक बाई म्हणाली. "म्हणजे उद्या बोल आम्हालाच."

यूस्तिना उभी राहिली. "पाक, आमच्या तिसरीच्या वर्गातला एक वासा पडला. थेट बाकावर. रविवार होता म्हणून निभावलं. बाकीचं छप्पर बांबूच्या टेकूवर उभं आहे. ते खाली आलं, तर त्याखाली कोण असेल?"

"तुम्हीच असाल, इबू," साहेब शांतपणे म्हणाले. "म्हणून तर तुम्हाला विचारतोय."

ती खाली बसली.

हात वर जायला लागले. एकेक करून, अर्धेमुर्धे. शेजारच्या गावचा गणिताचा मास्तर मान खाली घालून हात वर धरून होता. यूस्तिनाला कुणाचाच राग आला नाही. तिच्या घरीही दोन्ही वेळा कसाव्याचे कंदच उकडत होते. पण तिचे हात मांडीवरून हलेनात. त्या बाकाच्या ढलप्या तिनेच गोळा केल्या होत्या. सोमवारी त्या बाकावर बसणारी ओनी शाळेत आली आणि आपला बाक कुठे गेला म्हणून रडत बसली होती.

"नोना, पोरी," कोर्नेलिस हळूच म्हणाले. "तू नको करूस. पण माझा वर धर."

त्यांचे दोन्ही खांदे कधीचेच आखडले होते. फळ्यावरच्या वरच्या ओळी ते पोरांकडून लिहून घ्यायचे.

"बापा, तुम्हीसुद्धा?"

"बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन राहिलंय. ती वाट बघतेय. छपराची वाट तर मी तुझ्या जन्माआधीपासून बघतोय."

यूस्तिनाने मनगटाला धरून त्यांचा हात वर केला. हात हलका होता, पण वर धरून ठेवायला जड जात होता.

एव्हाना बाकी सगळ्यांचे हात वर होते. साहेब बोटाने मोजत मोजत त्यांच्यापर्यंत आले. "आणि तुम्ही दोघं."

"मी नाही," यूस्तिना म्हणाली. "मी फक्त यांचा धरलाय."

"तुमचा हात वर दिसतोय, इबू."

"मत यांचं आहे. माझं नाही."

"मग सोडा ना. तुमचा खाली येतो का बघू."

ताडपत्रीवर हशा उठला आणि लगेच विझला. सगळे वळून बघायला लागले. फोटोग्राफरनेही कॅमेरा तिकडे वळवला.

यूस्तिनाने कोर्नेलिसकडे पाहिलं. ते समोरच्या गवताकडे बघत होते. सोड म्हणाले नाहीत, धर म्हणाले नाहीत. त्यांचं मनगट तिच्या घामाने ओलं झालं होतं आणि पकड निसटायला लागली होती.

तिने ती घट्ट केली.

"एकमताने," साहेब वार्ताहरांना म्हणाले. "जरा तसेच राहा हं सगळे. फोटो होऊ द्या."

फोटो झाला. साहेब आत गेले. माणसं गुडघ्यांवर हात टेकून उठली, चपला शोधायला लागली. जिंकल्यासारखं कुणीच बोलत नव्हतं.

यूस्तिनाने म्हाताऱ्याचा हात एकदम सोडला नाही. दुसऱ्या हाताने कोपराखाली आधार देत, सावकाश, तो त्यांच्या मांडीवर आणून ठेवला. मग आपला खांदा चोळत बसून राहिली.

"सोमवारपासून तिसरी माझ्या वर्गात आण," कोर्नेलिस म्हणाले. "बसतील दाटीवाटीने."

"तुमचं छप्पर धड आहे?"

"अजून पडलेलं नाही," ते म्हणाले. "चल, उठव मला."