उसवलेली लोकर

चाकणच्या शिफ्टवरून परतलेल्या निवेदिताचे पाय भरून आले होते, पण जावेच्या बाळाचं बारसं रविवारी होतं आणि त्याच्यासाठी स्वेटर विणायचा होता. तिने पातेल्यात पाणी, व्हिनेगर आणि जिलबीचा केशरी रंग उकळून पांढऱ्या लोकरीची लड आत सोडली. ही लोकर तिने स्वतःच्या बाळासाठी विणलेला स्वेटर उसवून काढली होती. जन्माआधी विणू नये, असं सासूबाईंनी बजावलं होतं; तिने ऐकलं नव्हतं. पाचव्या महिन्यात सगळं संपलं. दोघी त्यावर बोलल्याच नाहीत. हळूहळू लोकरीने सगळा रंग पिऊन घेतला, पाणी नितळ झालं. उसवलेल्या धाग्याची वळणंही गरम पाण्यात सरळ झाली. “बघा आई,” ती भिंतीला टेकून म्हणाली, “आपण स्वेटर होतो हे लोकर विसरलीसुद्धा.” सासूबाईंनी गॅस बंद केला. “मी बोलले होते ते तूही विसर गं. विणल्यानं कुठं मूल जातं का?”