खांड

भाद्रपदातल्या अमावस्येचं उधाण भर दुपारी चढलं आणि पेणजवळच्या त्या गावाचा खाडीचा बांध फुटून त्याला खांड पडली. खांडीतून घुसलेलं पाणी खालच्या आळीकडे निघालं. मधला आडवा बांध फोडून ते सीताबाईच्या शेतात वळवलं, तरच आळी वाचणार होती. पण भात नुकतं पोटरीत आलं होतं, आणि एकदा खारं पाणी शिरलं की पुढची दोन-तीन वर्षं त्या जमिनीत काही पिकणार नव्हतं. सरपंच नम्रताच्या मागे माणसं फावडी घेऊन खोळंबली होती. ती एकदा आळीकडे, एकदा शेताकडे बघत होती.

सीताबाई पदर खोचून पुढे आली. "आळीत घरा किती हायत गो?"

"बावीस, काकी."

"मग इचार कसला करतेस?" तिने एकाच्या हातातलं फावडं ओढून घेतलं आणि पहिला घाव स्वतःच घातला.

संध्याकाळी ओहोटी लागली. आळीतल्या एकाही उंबऱ्याला पाणी शिवलं नव्हतं. नम्रता साडी-नारळ घेऊन गेली, तेव्हा सीताबाई पाण्यात आडव्या पडलेल्या भाताकडे बघत बसली होती. नम्रताने वाकून तिच्या पायांना हात लावला. "काकी, तुमचे उपकार गाव इसरनार नाय."

सीताबाईने नारळ घेतला नाही.

"उपकार नको गो," ती शांतपणे म्हणाली. "तीन वरसा झाली, दर ग्रामसभेला उठून सांगतेय, खेकड्यांनी बांध पोखरलाय, माती घाला. तवा तुमच्यातल्या एकानं घमेला उचलला नाय."