मणक्यातला बाण

ज्या जमिनीसाठी दोघे भाऊ कोर्टात भांडत होते, तिथल्याच वाळूत हजारो वर्षांपूर्वीचा सांगाडा निघाला. उत्खनन करणाऱ्या शाझिया मॅडमनी मणक्यात रुतलेलं बाणाचं दगडी टोक दोघांना दाखवलं.

"मागून मारलाय. इतका खोल गेलाय, म्हणजे अगदी जवळून."

"दुश्मनाचाच काम आसतला," थोरला गंगाराम म्हणाला.

"दुश्मनाकडे पाठ करून कोण चालतं? बरोबरचाच कोणीतरी असणार," मॅडम म्हणाल्या.

परतताना सुरूच्या बनातल्या पायवाटेवर नेहमीसारखा गंगाराम पुढे होता. मागे धाकटा धनेश. मॅडमसाठी शहाळी तासायला आणलेला कोयता त्याच्या हातात होता. अर्ध्या वाटेत गंगाराम थांबला.

"तू फुडे हो रे."

धनेश त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने कोयता भावाच्या हातात दिला आणि पुढे चालू लागला.