एक छेद तीन

नवीकोरी साडी नेसून आलेल्या शालिनी मॅडमनी आर्णीजवळच्या त्या शाळेत सहावीला गणित घातलं. साडेसात एकर वावर, दोन भाऊ, एक बहीण. प्रत्येकाचा हिस्सा किती? साडेसातचे पंधरा छेद दोन करायचे, एक छेद तीननं गुणायचं, की उत्तर अडीच एकर. आठवडाभर त्यांनी हेच तर घोटून घेतलं होतं.

तरी पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांचं उत्तर एकच आलं. पावणेचार.

मॅडमचं डोकं फिरलं. "तीन भावंडं हायेत ना? मंग अर्धे काहून केले?"

नयन उभी राहिली. "मॅडम, गुणाकार बराबर हाये. वावर दोघा भावाइतच वाटलं. बहीण तं सही करून देते ना."

फुली मारायला मॅडमनी लाल पेन उघडलं होतं. ते तसंच हातात राहिलं.

गणितातलं ते साडेसात एकर वावर मॅडमच्या माहेरचं होतं, आणि परवा कचेरीत सही झाल्यावर दोघा भावांनी हौसेनं घेऊन दिलेली साडी आज त्यांच्या अंगावर होती.